सोनचाफ्याची लागवड : बीं कीं कलम?

फुलझाडांविषयीं वाचकांकडून जीं पत्रें येतात त्यांत सोनचाफ्याविषयींची तक्रार बहुधा एकच असते. झाड लावून सहा-सात वर्षें झालीं, तें घराच्या आढ्यावर गेलें, पानें हिरवींगार आहेत, परंतु फूल म्हणून एकहि नाहीं. तेव्हां हें झाड वांझ तर नव्हे? अशा झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं आमचें चार शब्द ऐकून घ्यावे, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों. आम्हीं स्वतः या झाडापायीं आठ वर्षें फुकट घालविलीं आहेत. चूक कोठें झाली तें समजलें तेव्हां ती सुधारण्यास आणखी तीन वर्षें लागलीं. भाजीपाल्यांत झालेली चूक पुढच्या हंगामांत भरून निघते. झाडांत ती पोटच्या पोरासारखी वाढत राहते.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठींत चाफा हें नांव परस्परांशीं कांहींएक नातें नसलेल्या झाडांस सरसकट दिलें जातें. देवळापुढें उन्हाळ्यांत निष्पर्ण उभा राहणारा पांढरा चाफा, ज्यास कोणी खुरचाफा तर कोणी देवचाफा म्हणतात, तो मूळचा अमेरिकेंतला व कण्हेरीच्या कुळांतला आहे. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळांत मोडतो. नागचाफा उंडीचा जवळचा, आणि भुईचाफा तर हळदीचा भाऊबंद. सोनचाफा या सर्वांहून निराळा. हा केवळ पंडिती काथ्याकूट आहे असें कोणी समजूं नये. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी तोडून चार दिवस सुकविली व मातींत खोंचली कीं ती जगते. हें पाहून सोनचाफ्याचीहि फांदी खोंचणारे गृहस्थ आम्हीं अनेक पाहिले आहेत. ती पंधरा दिवस हिरवी राहते, मालकास आशा वाटते, आणि मग ती खालून काळी पडून कुजते. सोनचाफ्याच्या तोडलेल्या फांदीस मुळें फुटणें फार कठीण आहे.

सोनचाफ्याचे खरे सोयरे म्हणजे परदेशी बागांतून नांवाजलेले मॅग्नोलिया. फ्रान्समधील माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मॅग्नोल यांच्या सन्मानार्थ प्ल्युमिये यांनीं १७०३ सालीं हें नांव योजिलें. १७५३ सालीं लिनियस यांनीं सोनचाफ्यास मात्र मिशेलिया या वेगळ्या प्रजातींत घातलें, आणि पुढें दोनशेंहून अधिक वर्षें पुस्तकांतून तेंच नांव चालत आलें. दोहोंतला ठळक भेद असा सांगत कीं मॅग्नोलियाचें फूल फांदीच्या शेंड्यावर येतें, तर सोनचाफ्याचें पानाच्या बगलेंत. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून हा भेद वेगळी प्रजाति मानण्याइतका मोठा नाहीं असें ठरलें, आणि सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका या नांवानें आपल्या घराण्यांत परत आला. रात्रीं दरवळणारा कवठी चाफाहि त्याच घराण्यांतला. पंडितांनीं तो भेद मोडीत काढला असला तरी बागाइतदारानें तो विसरूं नये, कारण छाटणीचें सारें शास्त्र त्यांतच आहे. फूल पानाच्या बगलेंत येतें, आणि तेंहि नव्या फुटीवर. तेव्हां जितकी नवी फूट तितकीं फुलें.

हें घराणें फार प्राचीन आहे. सोनचाफ्याचें फूल हातांत घेऊन पाहावें. बाहेरचीं हिरवीं दलें निराळीं व आंतल्या पाकळ्या निराळ्या असा भेद त्यांत नाहीं. सर्व पाकळ्या एकाच जातीच्या, आणि आंतील केसर व बीजकोश मळसूत्रासारखे एका दांड्याभोंवतीं बसविलेले. भ्रमर चंपकाकडे फिरकत नाहीं असा आपल्याकडील कवींचा जुना संकेत आहे. मॅग्नोलियाच्या कुळांत परागाची ने-आण मुख्यतः लहान भुंगेरे करितात, मधमाशीवर तें कुळ अवलंबून नाहीं, हें शास्त्रज्ञांनीं मागाहून सांगितलें. म्हणजे कवींची नजर अगदींच चुकली नव्हती.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. मोठमोठ्या गुलाबी फुलांनीं लगडलेल्या बिनपानांच्या मॅग्नोलियाचें चित्र दाखवून रोपें विकणारे हल्लीं आढळतात. तो मॅग्नोलिया पॅरिसजवळ सूलांज-बोदँ यांनीं १८२० सालीं दोन चिनी जातींच्या संकरांतून काढलेला आहे. हिवाळ्यांत पानें गाळून कडक थंडींत विसावा घ्यावयाचा व वसंतांत फुलावयाचें हा त्याचा धर्म. कोंकणांत किंवा देशावर त्यास तो विसावा कोठून मिळणार? मोठ्या पांढऱ्या फुलांचा सदाहरित अमेरिकन मॅग्नोलिया, ज्यास हिंदींत हिमचंपा म्हणतात, तो थंड हवेच्या ठिकाणीं हौसेनें लावावा. आपल्या हवेला सोनचाफाच योग्य. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत तो आपोआप उगवतो.

आतां आमची हकीकत. आमची बाग रत्नागिरीकडील जांभ्या जमिनींत आहे. सन २००६ च्या मृगांत, विहिरीपासून ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या तुकड्यांत, आम्हीं सोनचाफ्याचीं बारा कलमें लाविलीं. आंब्याचा पैसा वर्षांतून एकदां येतो; घरांत रोज थोडें कांहीं येत राहावें असा हेतु होता, आणि तालुक्याच्या गांवच्या एका फुलवाल्याशीं आम्हीं तशी बोलीहि करून ठेविली होती. ओढ्याकडील चार कलमें पहिल्याच पावसाळ्यांत गेलीं. वरच्या तिहींस दुसऱ्या वर्षीं फुलें आलीं. उरलेलीं पांच मात्र अशा जोमानें वाढूं लागलीं कीं येणाऱ्या-जाणाऱ्यांस आम्ही तींच कौतुकानें दाखवीत असूं. फुललेलीं तीन झाडें खुजीं राहिलीं, तीं आमच्या हातून खत कमी पडल्यामुळें, असें आम्हांस वाटे. आमच्या मातोश्री त्याच तीन झाडांच्या फुलांवर देवपूजा भागवीत, आणि म्हणत, “हीं तीनच घरचीं; तीं पांच रानचीं आहेत.” आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. फुलवाल्यानें दोन वर्षें वाट पाहिली व बोली मोडली. पांच झाडांस पहिलें फूल आलें तें २०१४ सालीं, जमिनीपासून पंचवीस-तीस फूट उंचीवर, फिकट आणि अरुंद पाकळ्यांचें. तोंवर मातोश्री राहिल्या नव्हत्या.

तेव्हां कोठें आम्हीं पांचहि झाडांचे बुंधे बारकाईनें पाहिले. दोहोंस जोडाची खूणच नव्हती. म्हणजे तीं बियांचीं रोपें कलमांच्या भावानें आमच्या गळ्यांत बांधण्यांत आलीं होतीं. तो विक्रेत्याचा दोष खरा. पण उरलेल्या तिहींत दोष सर्वस्वीं आमचा होता. त्यांस जोड होता, परंतु जोडाच्या वरची काडी केव्हांच वाळून झडून गेली होती, आणि जोडाखालून खुंटास जी फूट आली तीच वाढून झाड झाली होती. पहिल्या दोन वर्षांत दर पंधरवड्यास वांकून बुंध्याकडे पाहिलें असतें व अंगठ्यानें ती फूट मोडली असती, तर कलमें वांचलीं असतीं.

म्हणून कलम विकत घेतेवेळीं पानांचा टवटवीतपणा पाहून भुलूं नये, बुंधा पाहावा. जमिनीपासून वीतभर अंतरावर जोडाची गांठ किंवा साल बदललेली दिसली पाहिजे. जोडाखालीं एकहि पान असतां कामा नये. जोडाची पट्टी अजून घट्ट बांधलेली असेल तर ती काचली आहे काय हें बघावें; काचलेलें कलम पुढें वाऱ्यानें तेथेंच मोडतें. ज्या कलमावर एखादी कळी किंवा गळलेल्या फुलाचा देंठ दिसतो तें सर्वांत भरंवशाचें, कारण फुललेल्या झाडाची काडी त्यावर आहे याची साक्ष तें स्वतःच देतें. आणि पुढें जोड नेहमीं मातीच्या वर राहील असें लावावें. हौसेनें माती चढवून जोड पुरून टाकणारे लोक आहेत, त्यांस खुंटाची फूट दिसतहि नाहीं.

मग बियांचें रोप लावूंच नये काय? ज्यास सांवली, वारा अडविणारी रांग किंवा लांकूड हवें आहे त्यानें तें खुशाल लावावें. बियांचें झाड सरळसोट वाढतें, दीर्घायुषी असतें, आणि त्याचें लांकूड चांगलें. बंगाल व आसामकडे चाफ्याच्या लांकडास मोठा मान आहे. परंतु फुलांस सात-आठ, कधीं दहा वर्षें लागतात, आणि फूल आईसारखें येईलच असा नेम नाहीं. बियांचें खरें काम खुंट करण्याचें. पावसाळ्यांत व त्यानंतर फळांचे घोस उकलूं लागले कीं आंत तांबूस गराच्या बिया दिसतात. पांखरांस तो गर फार आवडतो. घोस उकलण्याच्या बेतांत असतांच उतरून घ्यावे, बिया राखेंत किंवा वाळूंत चोळून गर पार काढून टाकावा, व त्याच आठवड्यांत पेराव्या. या बियांत तेल असतें. ठेवल्या कीं खंवट होऊन त्यांची उगवण झपाट्यानें कमी होत जाते. पुढच्या मृगासाठीं डब्यांत भरून ठेवलेलें बीं म्हणजे गेलेलें बीं. सांवलींत, वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या वाफ्यांत बोटाच्या अर्ध्या पेराइतकें खोल पेरावें, आणि धीर धरावा. मोड दिसावयास दीड-दोन महिने, कित्येकदां त्याहूनहि अधिक लागतात. कांहीं उगवत नाहीं म्हणून वाफा उकरणाऱ्यानें कितीएक जिवंत बिया उकरून टाकल्या आहेत.

पेन्सिलीएवढ्या जाडीचीं रोपें झालीं कीं कलम बांधावें. जुनी खात्रीची रीत भेट कलमाची: रोपाची कुंडी फुललेल्या झाडाच्या फांदीजवळ नेऊन दोहोंची साल व थोडें लांकूड तासून जखमा एकमेकींस मिळवावयाच्या, घट्ट बांधावयाच्या, आणि दोन-अडीच महिन्यांनीं फांदी जोडाखालून व रोपाचा शेंडा जोडावरून कापावयाचा. हें कापणें एका दिवसांत करूं नये. आठ-आठ दिवसांच्या अंतरानें तीन टप्प्यांत करावें. कुंड्या टांगावयास मांडव लागतो, हा या रीतीचा त्रास. पाचर कलमास मांडव नको व काडी थोडी लागते, पण हवा दमट पाहिजे व हात बसलेला पाहिजे. नवशिक्यानें भेट कलमापासूनच आरंभ करावा असें आमचें मत आहे.

जागा निवडतांना ऊन व निचरा या दोनच गोष्टी पाहाव्या. निदान अर्धा दिवस ऊन नसेल तर झाड उंच जाईल, फुलणार नाहीं. निचऱ्याविषयीं आमचीं ओढ्याकडील चार कलमें पुरेसें बोलून गेलीं आहेत. या झाडाचीं मुळें मांसल असतात. चार दिवस पाण्यांत राहिलीं कीं कुजतात, आणि दुखावलीं तर सांवरत नाहींत. जांभ्यांत सुरुंग किंवा पहार लावून खड्डा केल्यावर तो तळाशीं कटोऱ्यासारखा पाणी धरतो, हें ध्यानांत ठेवावें. अडीच फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे, परंतु त्यांत दोन घागरी पाणी ओतून पाहावें. दुसऱ्या सकाळपर्यंत तें जिरलें नाहीं तर उताराच्या बाजूनें चर काढावा, किंवा जागा बदलावी. भारी काळ्या जमिनींत खड्ड्यापेक्षां फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावलेलें बरें. भरतीस वरची माती, दोन घमेलीं जुनें शेणखत व थोडी निंबोळी पेंड घालावी. ताजें शेण कदापि घालूं नये.

लावणी मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्यावर करावी. पिशवी फाडतांना मुळांभोंवतींचा मातीचा गोळा फुटूं देऊं नये. तो फुटला तर कलम महिनाभर हिरवें दिसून मग माना टाकतें. फुलांसाठीं लावावयाचीं कलमें दहा-दहा फुटांवर चालतात, कारण तीं आपण लहानच ठेवणार; बियांच्या झाडास पंचवीस-तीस फूट मोकळे सोडावे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पश्चिमेच्या बाजूस नारळाची झावळी उभी करावी व आठवड्यांतून दोनदां पाणी द्यावें. आळ्यांत पालापाचोळ्याचा वीतभर थर असावा, पण तो बुंध्यास चिकटलेला नसावा.

आतां फुलणाऱ्या झाडाची राखण. यांत दोन कामें बहुतेक लोक करीत नाहींत. पहिलें शेंडा मारण्याचें. कलम कंबरेएवढें झालें कीं शेंडा खुडावा. ज्या फांद्या फुटतात त्यांचेहि शेंडे त्या हातभर झाल्यावर खुडावे. अशानें झाड छत्रीसारखें पसरतें, नवी फूट चोहोंकडून येते, आणि फूल हाताशीं राहतें. दर वर्षीं मोठा बहर ओसरल्यावर लांबलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्श्यानें मागें घ्याव्या. दुसरें काम फळें काढण्याचें. जें फूल झाडावर राहतें त्याचा फळांचा घोस होतो, आणि एकदां घोस भरूं लागले कीं झाडाचें सारें बळ बियांकडे जातें. आमच्या तीन झाडांपैकीं एकावर आम्हीं एका वर्षीं घोस मुद्दाम राहूं दिले. त्या झाडावर पुढील कित्येक महिने फुलें लक्षांत येण्याइतकीं कमी आलीं, व पानेंहि पिवळटलीं. तेव्हांपासून कोंवळे घोस दिसतांच आम्ही ते खुडून टाकितों. ज्यांच्या घरीं फुलें तोडावयास कोणी नसतें, त्यांच्या झाडास फुलें कमी येतात ती गोष्ट याचमुळें.

कीड थोडी आहे. खवले व पिठ्या ढेकूण फांद्यांवर बसतात. मुंग्यांची रांग खोडावरून वर जातांना दिसली कीं ते आहेत असें समजावें. किडलेली डहाळी कापून जाळावी व बाकीच्यांवर साबणाच्या पाण्यांत कालविलेलें निंबोळीचें तेल शिंपडावें. पानें खाणाऱ्या कांहीं हिरवट अळ्या पुढें काळ्या पंखांवर हिरव्या ठिपक्यांचीं सुरेख फुलपांखरें होतात; हींच सीताफळ व अशोकावरहि आढळतात. मोठ्या झाडाचें त्या कांहीं बिघडवीत नाहींत, त्यांस राहूं द्यावें. लहान कलमावरील मात्र वेंचून काढाव्या.

फूल उजाडण्यापूर्वीं, अर्धवट उमललेलें असतां, देंठासह खुडावें. ओढूं नये, कारण ओढतांना बगलेंतील कोंवळी फूटहि निघून येते. ऊन चढल्यावर काढलेल्या फुलाच्या पाकळ्यांवर बोटांचे डाग लगेच तपकिरी पडतात. ओल्या केळीच्या पानांत गुंडाळावें, दाबूं नये. हें फूल वजनावर नव्हे तर नगावर विकलें जातें, म्हणून डागी फूल बाजूस काढलेलेंच बरें. वसईकडील फूलबागाइतदार पहाटे खुडून मुंबईच्या बाजारांत फुलें पोंचवितात. ज्यास बाजार इतका जवळ नाहीं त्यानें गांवचें देऊळ, वेण्या करणाऱ्या बाया व सणवार यांचा हिशेब आधीं करावा, व मगच कलमें किती लावावयाचीं तें ठरवावें. ओळखीचें गिऱ्हाईक असेल तेवढींच लावावीं. बहर उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन पावसाळाभर चालतो. थंडींत फुलें अगदीं थोडीं मिळतात, तेव्हां बारमाही पुरवठ्याची बोली कोणाशींहि करूं नये. ती चूकहि आम्हीं केलेली आहे.

आमच्या त्या पांच झाडांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. शेजाऱ्यांनीं तोडण्याचा सल्ला दिला. आम्हीं २०१५ च्या माघांत तीं जमिनीपासून तीन फुटांवर करवतीनें कापलीं, कापलेल्या जागीं शेणमातीचा लेप दिला, आणि जी फूट आली तींतील चार-चार जोमदार फांद्या ठेवून बाकीच्या काढिल्या. आषाढांत त्या फांद्यांवर आमच्याच खुज्या झाडांच्या काड्या पाचर पद्धतीनें बसविल्या. तीन झाडांवर त्या लागल्या व २०१७ सालीं तीं छातीएवढ्या उंचीवर फुललीं. शिडी तेव्हांपासून खोपटांत पडून आहे. उरलेल्या दोहोंवर काड्या वाळल्या. तीं दोन आम्हीं पुन्हां वाढूं दिलीं व बियांसाठीं राखलीं आहेत. खुंटांचीं रोपें दर वर्षीं त्यांच्याच बियांपासून करितों. पिकलेले घोस मात्र पांखरांच्या आधीं उतरावे लागतात.